पुढचा उजवा कोपरा

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण ज्यांच्याबरोबर हे घडलं ते माझे सासरे आहेत, आणि थापा मारणं त्यांच्या रक्तात नाही.

शहराच्या संताचा सण होता. संध्याकाळची वेळ. त्या दिवशी टेकडीवरच्या चर्चमधून संताची पालखी निघते आणि उताराच्या रस्त्याने खाली चौकात येते.

जे झालं ते त्या उतारावर झालं...

सासरे तेव्हा तिशीत होते. दोघा भावांतले थोरले, म्हणून इथे त्यांना थोरलाच म्हणतो. वडिलांच्या सुतारकामाच्या दुकानात तो लहानपणापासून राबला. धाकटा परगावी नोकरी करायचा. म्हातारा अंथरुणाला खिळला तेव्हा कुठे उगवला.

म्हाताऱ्याने जन्मभर पालखीच्या पुढच्या उजव्या कोपऱ्याला खांदा दिला होता. मोठा मान होता तो. जाताना त्याने तो धाकट्याला दिला.

थोरल्याला नाही.

"बाबांनी तुझं नाव घेतलं नाही रे," पालखीचा म्होरक्या म्हणाला. "तू धाकट्याच्या मागे उभा राहा."

थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. औषधपाणी त्याने केलं, रात्र रात्र उशाशी तो बसला. आणि कौतुक कुणाचं? चार दिवसांच्या पाहुण्याचं.

म्हाताऱ्याची खांद्यावर ठेवायची चामड्याची गादी होती, घामाने काळी पडलेली. ती नसली की दांडा खांद्यात रुततो. थोरल्याने ती दुकानाच्या खणात टाकली आणि कुलूप लावलं.

"दादा, बाबांची गादी कुठे दिसली का रे?"

"मला काय विचारतोस? मान तुझा, गादी तूच शोध."

धाकटा बिचारा टॉवेलची घडी घेऊन आला.

थोरल्याच्या मनात सगळं ठरलेलं होतं. उतारावर पालखीचं वजन पुढे येतं. नवखा माणूस तिथेच खचतो. आणि रीत अशी, की कोपऱ्याचा माणूस खचला तर मागचा पुढे येतो, आणि मग तो कोपरा कायमचा त्याचा.

घंटा वाजली. पालखी उठली. पुढे बँड, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या घेतलेली माणसं. उतार सुरू झाला.

थोरला धाकट्याच्या मानेवर नजर रोवून चालत होता. आता वाकेल. आता गुडघे टेकेल.

धाकटा वाकला नाही.

मग बँड थांबला. आणि त्या शांततेत...

कट्.

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा... कट्.

म्हाताऱ्याचा उजवा गुडघा उतारावर असाच वाजायचा. आधी गुडघा येतो, मग बाबा येतात, अशी घरात थट्टा चालायची.

थोरल्याने बाजूला पाहिलं. आवाज धाकट्याच्या अगदी शेजारून येत होता...

तिथे कुणीच नव्हतं.

मग त्याची नजर धाकट्याच्या खांद्यावर गेली.

दांडा खांद्याला टेकलेलाच नव्हता.

मध्ये चांगली बोटं शिरतील एवढी फट होती. त्या फटीतून पुढच्या मेणबत्त्या दिसत होत्या. टॉवेलची घडी जराही दबली नव्हती.

आणि त्याच क्षणी थोरल्याच्या खांद्यावर वजन आलं. दातखीळ बसावी असं वजन. उतारावर मागच्याला हलकं लागतं, हे पालखीखालच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी ते वाढत होतं... चौकापर्यंत वाढतच राहिलं.

पालखी टेकली. धाकटा वळला. त्याचे डोळे भरून आले होते.

"दादा, मागून तूच उचलून धरलंस ना? मला काही लागलंच नाही रे. मला वाटत होतं, तू माझ्यावर रागावलायस."

खांद्यावरचा शर्ट रक्ताने चिकटला होता.

तो तडक दुकानात गेला. कुलूप जसंच्या तसं. खण उघडला. गादी जागेवरच होती.

ओली होती... आणि हाताला ऊन लागत होती.

सासरे आता थकलेत. खांद्यावर त्या दिवसाची गाठ आहे. कोपरा आता धाकट्याच्या मुलाकडे गेलाय. गेल्या सणाला त्यांच्या खिडकीशी बसलो असताना मी विचारलं, "तेव्हा भीती वाटली असेल ना?"

"स्वतःच्या बापाची कसली भीती? आले ते धाकट्यासाठी आले, ते अजून सलतं."

त्यांनी खांद्यावरची गाठ चोळली.

"जावईबापू, पुढून कुणी वर उचललं की वजन मागच्यावर येतं. जन्मभर खांदा दिलेल्या माणसाला हे कळत नव्हतं का? मागे कोण चालतंय, ते त्यांना दिसत नव्हतं का?"

खाली पालखी उतारावर आली होती. बँड थांबला...

सासऱ्यांनी घाईघाईने खिडकी लावून घेतली.

पण त्याआधी जे ऐकू आलं, ते मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.