आठवा खटका

तो पंखा जरा बंद करा रे, ऐकू येत नाही. आणि ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्या. रिफअत आपल्या मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत नऊ वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर होता. सांगतोय ते त्याच्या तोंडचं आहे. शेवटचं तेवढं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं.

कचेरीच्या मागच्या खोलीत, लोखंडी कपाटात, आपला सर्व्हर बसवलाय. बोटीवरच्या माणसानं संकटाचं बटण दाबलं की उपग्रहामार्फत निरोप येतो आणि तो छपरावरचा भोंगा वाजवतो. थंडीत बोटी वाढल्या की बिचारा धापा टाकायचा. म्हणून दोन जानेवारीला, गुरुवारी, रिफअत त्याच्यासाठी मेमरी आणायला दिमयात शहरात गेला.

गड्याला काम येत होतं. घरच्या कम्प्युटरची मेमरी सर्व्हरला चालत नाही, चारही पट्ट्या एकाच जातीच्या, एकाच वेगाच्या लागतात, हे तो झोपेतही सांगायचा. दुकानदार नागीनं तीन सारख्या काढल्या आणि चौथी भलतीच.

"आईची शपथ, चालेल. डोळे मिटून लाव."

"डोळे मिटून तूच विकतोयस की!" रिफअत म्हणाला, आणि तासभर ठाण मांडून चौथीही जोडीची घेऊनच उठला.

संध्याकाळी त्यानं सर्व्हर बंद करून झाकण काढलं. पट्टी खाचेत दाबली की दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बसतात. खट्, खट्. चार पट्ट्या, आठ खटके. सातवा झाला आणि फोन वाजला. धाकटा भाऊ, अव्वाद.

"दादा, त्या डब्याशीच लग्न लाव एकदाचं! आईनं माशांचा भात केलाय. तासाभरात बोट सुटतेय माझी, ये ना."

"आलो, आलो. माझा मासा खाऊ नकोस, हावरटा."

आठवा खटका ऐकला का? त्याला वाटलं, ऐकला. सर्व्हर झकास सुरू झाला. दोघं भाऊ एका ताटात जेवले आणि अव्वाद बोटीवर गेला.

रात्री दोनला वीज गेली. थोड्या वेळानं सर्व्हरला जोडलेली बॅटरीही संपली. वीज परत आल्यावर सर्व्हर उठला आणि त्यानं आपली मेमरी मोजली. एक पट्टी कमी भरली. तेव्हा तो जागच्या जागी थांबला. पडद्यावर एकच ओळ होती. मेमरी बदलली आहे, पुढे जाण्यासाठी एन्टर दाबा.

खोलीत कोणी नव्हतं.

तीन वाजून वीस मिनिटांनी अव्वादच्या बोटीवरून संकटाचं बटण दाबलं गेलं. उपग्रहवाल्यांच्या कागदावर ते नंतर दिसलं. अकरा वेळा दाबलं होतं. आपला भोंगा वाजलाच नाही. बोटीवर सहा जण होते, एकही हाती लागला नाही.

सकाळी रिफअतनं झाकण उघडलं. शेवटच्या पट्टीचं एक टोक वर राहिलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढं. संध्याकाळी ती कशीबशी टेकली होती, मशीन बंद पडून गार झालं तशी सुटली.

आईपासून त्यानं लपवलं नाही. त्या दिवसापासून ती त्याला जेवायला वाढते, पण बोलत नाही.

भावाच्या चाळिसाव्याला घरी कुराण वाचून झालं, लोक दुखवट्याची कडू कॉफी पिऊन गेले. सोमवार संपून मंगळवार लागला होता. रिफअतला घरात बसवेना. किल्ली घेऊन तो कचेरीत आला. चारही पट्ट्या काढल्या, पुसल्या, पुन्हा बसवल्या. खटके मोठ्यानं मोजले. आठ.

सर्व्हर सुरू केला. घड्याळात तीन वीस झाले होते.

सर्व्हर थांबला.

तीच ओळ.

रिफअतनं एन्टरवर बोट ठेवलं. बोट खाली जाईना...

डिझेलचा वास आला. ओल्या लोकरीचा आला. मागे कुणीतरी श्वास घेत होतं.

"अव्वाद?"

...

"थांब... मी दाबतो. मी दाबतो ना रे..." रिफअत म्हणाला.

थंड काहीतरी त्याच्या बोटावर टेकलं. त्यानं हात मागे ओढला.

एन्टरचं बटण आपोआप खाली गेलं. एकदा. मग पुन्हा. तो मोजत राहिला.

अकरा.

आणि छपरावर भोंगा वाजला.

तो मी ऐकला. अर्धं गाव झोपेच्या कपड्यांत धक्क्यावर धावलं. समुद्रावर काही नव्हतं. मी कचेरीत गेलो, तर रिफअत हात छातीशी धरून जमिनीवर बसलेला.

"त्यालाच यावं लागलं," एवढंच बोलला.

आता तो रोज रात्री तिथे बसतो, बोट एन्टरपाशी ठेवून. माफी मिळेल असं त्याला वाटत नाही. खोटं कशाला बोलू, मलाही वाटत नाही.

कीबोर्ड आम्ही तीनदा बदलला. सकाळी बघावं तर बाकीच्या बटणांवर धूळ असते. एन्टरवर तेवढं पांढरं काहीतरी साचलेलं असतं. मी जिभेला लावून पाहिलंय.

मीठ आहे.