आचाऱ्याची बरणी

जेवणं झाली ना सगळ्यांची? ज्याचं राहिलंय त्यानं आधी जेवून यावं. ही गोष्ट ऐकल्यावर घास उतरायचा नाही. आणि तू रे, अकरावीला बायोलॉजी घेतलीयेस ना? जरा पुढे सरक.

ही माझ्या थोरल्या भावाच्या मुलीची गोष्ट. आता ती बँकेत आहे, दोन लेकरांची आई आहे. पण बारावीत असताना घरात सगळे तिला ‘डॉक्टरीणबाई’च म्हणायचे. हृदयाचे कप्पे ती झोपेतही काढून दाखवायची. कुणी नुसतं शिंकलं तरी हिचं निदान तयार!

फेब्रुवारीतला गुरुवार होता, सोळा तारीख. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बोर्डाची प्रॅक्टिकल, आणि जर्नलमधली एकच आकृती राहिलेली. पट्टकृमी. माणसाच्या आतड्यात राहणारा, फितीसारखा लांबलचक जंत. किळस येते म्हणून पोरीनं तो वर्षभर टाळला होता. जीवशास्त्राच्या बाई मोठ्या खमक्या. म्हणाल्या, “पुस्तकातून उतरवलेली मला कळते. नमुना बघून काढ. आकृती नाही तर सही नाही, आणि सही नाही तर प्रॅक्टिकल नाही.”

झालं. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ही प्रयोगशाळेच्या दारात. तिथले मामा निवृत्तीला टेकलेले. त्यांनी दिवे लावले, स्टुलावर चढून वरच्या फळीवरची बरणी काढली आणि टेबलावर ठेवली. झाकण लाखेनं बंद. आत पिवळं पडलेलं फॉर्मॅलिन, आणि त्यात पायजम्याची भिजलेली नाडी गुंडाळून कोंबावी तसा तो पांढुरका गुंता.

“हा आपल्या वसतिगृहाच्या आचाऱ्याच्या पोटातला, बरं का,” मामा म्हणाले. “मी नोकरीला नवा होतो तेव्हा. बकासुरासारखा खायचा आणि अंगानं काटकुळा. डॉक्टरनं औषध दिलं, तसा हा बाहेर पडला. डब्यात घालून स्वतःच इथे घेऊन आला. म्हणाला, पोरांना शिकायला होईल.”

“ई! मग बरा झाला?”

“कसला बरा! भूकच मेली त्याची. ताटावर बसायचा नि तसाच उठायचा. म्हणायचा, आत मागणारं कुणी उरलंच नाही. दीड महिन्यात गेला बिचारा.” मामांनी किल्ल्या उचलल्या. “मी फाटकापाशी आहे गं पोरी. झालं की हाक मार.”

ती बसली. नाकाला रुमाल बांधला, भिंग घेतलं, आधी डोकं काढलं. टाचणीच्या टोकाएवढं डोकं. त्यावर चार चोषक, वर आकड्यांचं कडं. मग मान. मग एकाला एक चिकटलेले खंड. पेन्सिल चालू होती.

मध्येच वास आला. तेलात कांदा परततात ना, तसा. खमंग. फॉर्मॅलिन मारून रुमालातून आत आला.

आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं.

समोर तो बुळबुळीत जंत, आणि तोंडाला पाणी! तिला स्वतःचीच शिसारी आली. तिनं लाळ गिळली. पुन्हा सुटली. पुन्हा गिळली.

टेबलापलीकडे कुणीतरी येऊन उभं राहिलं. मामा असतील. तिनं मान वर केली नाही.

“झाली का गं आकृती, पोरी?”

“शेवटचे चार खंड राहिलेत, मामा.”

“मग... झाली की घेऊ ना मी?”

“घ्या की.”

चार खंड झाले. तिनं पेन्सिल ठेवली. तेव्हा कागदाच्या कडेला हात दिसला. सुजलेला. पांढराफटक. दिवसभर पाण्यात बुडवून ठेवल्यासारखी सुरकुतलेली बोटं. नखांत वाळलेलं पीठ.

मामांचा हात नव्हता तो.

तिनं वर पाहिलं. चेहरा दिसला नाही. तो बरणीवर वाकला होता. ओठ झाकणाला लावलेले. बंद झाकणाला.

सुर्र...

आतला गुंता हलला. एक वेटोळं सुटलं. वर गेलं. गळ्याची घाटी खाली-वर झाली.

सुर्र...

दुसरं. तिसरं. तिला ओरडायचं होतं. तोंड लाळेनं भरलं होतं. हनुवटीवरून ओघळत होती.

शेवटी डोकं राहिलं. आकडे काचेला अडकले. क्षणभर... सुटले.

त्यानं मनगटानं तोंड पुसलं. मग ढेकर दिली. लांब. उबदार. तिच्या तोंडावर आली.

...

पावणेआठला मामा बघायला आले तेव्हा ती व्हरांड्यात गुडघ्यांवर बसून ओकत होती. पोटात काही उरलं नव्हतं, तरी ओकत होती. बरणी जागच्या जागी. लाखेला तडा नाही. फॉर्मॅलिन काठोकाठ. आत काही नाही.

सकाळी बाईंनी बरणी उजेडात धरून पाहिली. मग आकृती पाहिली. सही केली. पोरीला तीसपैकी अठ्ठावीस मिळाले, पण डॉक्टरकीचा अर्ज तिनं भरला नाही. घरच्यांनी जंग जंग पछाडलं. खूप वर्षांनी माझ्याशी बोलली. “काका, त्या माणसाची एवढी किळस नाही हो वाटत. मला तिथे भूक लागली होती... तिची वाटते.”

तिला त्या सकाळी शाळेत सोडायला मीच गेलो होतो. ती परीक्षेला आत गेली आणि मामांनी मला खूण केली. शाळेच्या मागे, बंद पडलेल्या वसतिगृहाकडे नेलं. स्वयंपाकघराचं कुलूप गंजून दगड झालेलं. आम्ही खिडकीच्या फटीतून पाहिलं. जमिनीवर बोटभर धूळ, पाऊल एकही नाही.

चुलीवर पातेलं होतं. चाळीस पोरांचा भात शिजेल एवढं. वर झाकण.

मामांनी फटीतून काठी घालून झाकण सरकवलं. पातेलं तळापर्यंत बोटांनी निपटून खाल्लेलं...

आतून वाफ आली.