दारात नागसेनमामा

आमच्या घरात भूतबित कोणी मानत नाही. आजोबांनी घरातले गंडेदोरे, ताईत सगळं स्वतःच्या हातानं तोडून पेढी नदीत फेकून दिलं होतं. म्हणूनच ही गोष्ट सांगायला संध्यामावशीला इतके दिवस लागले. पण घडलं ते घडलं. मी पदरचं काही घालत नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारची आहे.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. अकोला. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. मावशीचा एकुलता एक मुलगा स्वप्निल आतल्या खोलीत कूलर लावून झोपला होता. संध्याकाळच्या गाडीनं तो मुंबईला निघणार होता. तिथून त्याचं पहिलं जहाज. बॅग भरून दाराशी ठेवलेली. स्वप्निलचे वडील देवमनकाका बॅगेला कुलूप आणायला बाजारात गेले होते आणि मावशी स्वयंपाकघरात पुऱ्यांचं पीठ मळत होती.

रडत नव्हती. रडून झालं होतं.

कारण समुद्रानं आमच्या घरातलं एक माणूस आधीच घेतलं होतं.

नागसेनमामा. मावशीचा आणि माझ्या आईचा धाकटा भाऊ. वलगावचा. पेढीला पूर आला की गावातले सगळे काठावर उभे राहत आणि हा पाण्यात उडी मारे. तोच पोरगा पुढे जहाजावर खलाशी म्हणून लागला. गावात पेढे वाटले. छोट्या स्वप्निलला खांद्यावर बसवून त्यानं गावभर मिरवलं.

दुसऱ्याच वर्षी शेजाऱ्यांकडे फोन आला. थंडीचे दिवस होते. दूर कुठल्याशा समुद्रात, वादळात, नागसेन डेकवरून पडला होता.

शोधला. सापडला नाही.

तेवीस वर्षांचा होता तो.

भंतेजी आले, वंदना झाली, पण समोर फक्त फोटो होता. आजोबा मरेपर्यंत एकच म्हणत राहिले, "पुरात पोहणारं पोट्टं बुडते काय?"

आता स्वप्निललाही तेविसावं लागलं होतं.

तर त्या दुपारी... अचानक लाइट गेली.

कूलर घरघरत थांबला. पंखा थांबला. घरात इतकी शांतता झाली की मावशीला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

आणि मग बाहेरच्या दारापाशी कोणीतरी बोललं...

"ताई..."

मावशीचे हात पिठातच राहिले.

"दार उघड वं, ताई... मले लय थंडी वाजून राहिली."

बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन होतं.

तो आवाज ओळखायला तिला क्षणही लागला नाही. त्याला लहानपणी तिनंच वाढवलं होतं. दार उघडलं, तर आत माझं लेकरू झोपलंय. आणि नाही उघडलं, तर दारात माझा भाऊ कुडकुडत उभा आहे. मावशी म्हणते, तेवढ्या वेळात मी दोनदा मेले.

तिनं दार उघडलं.

कोणीच नाही.

पांढरं ऊन. तापलेला ओटा. बंद दारांची गल्ली.

आणि तेव्हा... तिच्या मागून, घरातून आवाज आला.

दात वाजल्याचा. कडकड... कडकड...

ती धावत आतल्या खोलीत गेली. स्वप्निल पलंगावर पाय पोटाशी घेऊन पडला होता. नखशिखांत ओला. गादीतून पाणी ठिबकत होतं. ओठ निळे पडले होते. तिनं त्याला छातीशी धरलं, तर अंग बर्फासारखं गार.

डोळे मिटलेलेच होते. पण तोंडातून शब्द आला...

"ताई..."

आवाज स्वप्निलचा नव्हता.

"नागसेन?" मावशी ओरडली. "तू हायेस काय रे? याले न्यायला आला, का अडवायला आला? सांग बापा! पाया लागू काय तुह्या? लागलं त मले ने. हे एकच लेकरू हाय माह्यं!"



नुसते दात वाजत राहिले.

ती पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिली. घसा फुटेपर्यंत.

मग लाइट आली. कूलर सुरू झाला. स्वप्निलनं डोळे उघडले आणि स्वतःच्या आवाजात म्हणाला, "आई, हे पानी कोनं टाकलं माह्यावर?"

काका आले, त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर चक्रावले. मे महिन्यात एवढं गार पडलेलं अंग त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. रात्रभर ठेवून घेतलं.

गाडी गेली. जहाजही गेलं. कंपनीनं त्याच्या जागी दुसरा मुलगा पाठवला.

चादर पिळताना एक थेंब मावशीच्या ओठावर उडाला होता. खारट.

"बोअरचं पानी हाय, संध्या," काका हळूच म्हणाले. "आपल्या इकडं बोअर खारंच राह्यते."

म्हणजे त्यांनाही वाटत होतं की पाणी तिनंच ओतलं. पोरानं जाऊ नये म्हणून.

पण घरातला ड्रम काठोकाठ भरलेला होता. तांब्याभरसुद्धा पाणी कमी झालेलं नव्हतं. हे तिनं सांगितलं. कोणी ऐकलं नाही.

स्वप्निल तिच्याशी बोलायचा बंद झाला. मोबाइलच्या दुकानात कामाला लागला. ताटावर बसायचा, जेवायचा, उठायचा. ते जहाज सुखरूप परत आलं. त्याच्या जागी गेलेला मुलगा मिठाई घेऊन घरी आला, तेव्हा स्वप्निल बापाकडे बघून एवढंच म्हणाला, "पाहा. काही झालं काय त्याले?"

या हिवाळ्यात त्याला पुन्हा बोलावणं आलं.

या वेळी मावशीनं अडवलं नाही. कोणत्या तोंडानं अडवणार? स्टेशनवर तो तिच्या पाया पडला आणि कितीतरी महिन्यांनी तिच्याशी बोलला.

"आई, आता त खरं सांग. ते पानी तूनंच टाकलं होतं ना?"

मावशीनं त्याच्याकडे पाहिलं. गाडीला सिग्नल मिळाला होता.

"हो," ती म्हणाली. "मीनंच टाकलं होतं."

तो हसला. लहान असताना हसायचा तसा. तिला घट्ट मिठी मारली आणि गाडीत चढला.

सुरुवातीला रोज फोन यायचा. आता आठवडा झाला, लागत नाही. समुद्रात नेटवर्क नसतं, एवढं आम्हालाही कळतं. काका तेच म्हणतात. मीही तेच म्हणते.

काल मावशीनं माझा हात धरला.

"नागसेन अडवायलेच आला असंल वं," ती म्हणाली, "त मी हो काहून म्हनलं?"