सात मिनिटांवरची गाडी

हमरस्त्याला लागून एक खानावळ होती आणि तिच्या मालकांचा एकच हट्ट होता. गाडीतून उतरलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं नाही. तो हात धुऊन बसला की ताट समोर. पण कोण कधी उतरणार हेच ठाऊक नसेल तर ते जमायचं कसं? मालकांनी त्यावर वीस वर्षं डोकं चालवलं होतं. शाळा चौथीत सुटलेली, पण गाडीच्या टपावरचं सामान बघून ते आतल्या माणसांची भूक सांगत. "टपावर गादी आहे म्हणजे घर बदलतायत. सकाळपासून पोटात काही नसणार. हात सैल सोड," असं ते आचाऱ्याला ओरडून सांगायचे आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

शेवटी त्यांची भाची मदतीला आली. ती मोबाइलची ॲपं बनवायची, तिनं खानावळीसाठीही एक बनवलं. गाडी चालवणाऱ्यानं काही वाचायचं नाही, नुसतं बोलायचं. ॲप ते ऐकून खानावळीतल्या टॅबवर लिहून पाठवणार. नकाशावर गाडीचा ठिपका सरकत राहणार. बारा मिनिटांवर आला की स्वयंपाकघरात घंटी वाजेल, तवा चढेल. तीन मिनिटांवर आला की ताट भरायचं. त्यासाठी ती चार दिवस हातात घड्याळ घेऊन आचाऱ्याच्या पाठीशी उभी होती.

"ताई, मी शिंकलो तर तेवढा वेळ वजा करा हां," आचारी म्हणायचा.

सगळं मनासारखं जुळलं. फक्त एका गोष्टीवर मामा-भाचीचं वाजलं.

"अर्ध्या तासात गाडी आली नाही तर ऑर्डर आपोआप रद्द," भाची म्हणाली.

"नाही करायची."

"मामा, लोक रस्ता बदलतात. कुठंतरी झोपतात. चक्क विसरतात."

"विसरू दे. वाटेतल्या माणसाचं ताट कुणाला द्यायचं नाही. ते बटण माझ्या एकट्याच्या हातात ठेव."

भाचीनं आचाऱ्याकडे पाहिलं. आचारी खाली मान घालून कांदा चिरायला लागला. दोघांनाही कारण ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मालकीणबाई बाजाराला शहरात गेल्या की परतताना गाडीतून फोन करायच्या. "निघाले. सूप ठेवा, आमलेट कडक करा, चमचे दोन." दुसरा चमचा मालकांसाठी. दिवसभर गल्ल्यावर बसून नवरा जेवत नाही, हे त्या ओळखून होत्या. आपल्या वाडग्यातलं अर्धं त्यांना पाजल्याशिवाय उठायच्या नाहीत. खरं तर या ॲपची सगळी कल्पनाच त्या फोनवरून निघालेली. त्या दिवशीही फोन आला. ताट तयार झालं. अर्धा तास झाला, पाऊण झाला. तेवढ्यात माणसांनी भरलेली बस आली, एकच ओरडा सुरू झाला, आणि मालकांनी ते झाकलेलं ताट उचलून एका परक्या माणसापुढं ठेवलं. तो माणूस आमलेट खात असतानाच बातमी आली. पुलाअलीकडच्या वळणावरून गाडी खाली गेली होती.

लोक म्हणाले, ताट ठेवलं असतं तरी काय फरक पडला असता? मालकही मान डोलवायचे. पण त्या दिवसापासून त्यांनी सूप तोंडाला लावलं नव्हतं.

ॲप लोकांसाठी खुलं व्हायला एक दिवस उरला होता. दुपारी चारचा सुमार. नदीवरून धुकं चढत होतं, आणि समोरच्या पार्किंगच्या पांढऱ्या रेघा एकेक करून पुसल्यासारख्या दिसेनाशा होत होत्या. खानावळीत चिटपाखरू नव्हतं. आणि घंटी वाजली.

"मामा, तुम्ही काही दाबलंत?"

"मी इथं बसलोय ना बाळ."

ॲप अजून एकाच फोनवर होतं, भाचीच्या. तो गल्ल्यापाशी चार्जिंगला लावलेला. टॅबवर मात्र ऑर्डर आली होती. नावाची जागा कोरी. खाली लिहिलं होतं: सूप, आमलेट कडक, पाव. चमचे दोन.

भाचीनं बोललेल्या ऑर्डरचा आवाज लावला. शब्द नव्हतेच. वायपरची घासघास होती, लांबवर, एका लयीत... आणि शेवटी कुणीतरी बोलायला तोंड उघडावं तसा एक श्वास.

"पुन्हा लाव," मालक हळूच म्हणाले.

तिनं पुन्हा लावला. मालकांनी डोळे मिटून घेतले. भाचीला वाटलं ते घाबरले असतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आणि तेच तिला जास्त लागलं.

ठिपका सरकत होता. दहा मिनिटं. आठ. सात. तिथं तो थांबला. पुलाअलीकडच्या वळणावर.

आचाऱ्यानं काही न विचारता सूप ठेवलं. आमलेट झालं, ताट झाकलं. पाच वाजले. सात मिनिटं. साडेपाच झाले. सात मिनिटं.

न राहवून भाची फोन आणि टॅब घेऊन, गाडी काढून वळणापर्यंत गेली. परत आली ती दारातच उभी राहिली.

"तिथं काही नाही. ओलं गवत आहे नुसतं. पण मामा, मी उतरले तेव्हा माझा ठिपका बरोबर त्याच्यावर होता. आणि... आत बसल्यासारखं ऊबदार वाटत होतं. बाहेर उभी असून."

मग भाची कामाचं बोलली. घाबरलेली माणसं बोलतात तसं, भराभर. "उद्या सकाळसाठी साठ गाड्यांनी आधीच नावं देऊन ठेवलीयत. स्वयंपाकघरात ऑर्डरी रांगेनं जातात. ही पहिली हलली नाही तर मागची एकही दिसणार नाही. सगळं अडून बसेल. बटण तुमच्याकडे आहे. रद्द करा, मामा."

मालकांनी टॅब जवळ ओढला. दोन बटणं होती. एक 'रद्द', एक 'पोचलं'. बोट 'रद्द'वर गेलं आणि तिथंच अधांतरी राहिलं.

"एकदा केलंय मी ते," ते म्हणाले. "तिचं ताट उचललंय. दुसऱ्यांदा नाही व्हायचं माझ्याच्यानं."

"मामा, मामी नाहीये."

"ठाऊक आहे गं. मी कुठं म्हणतोय आहे म्हणून? पण वाट तर बघतेय ना कुणीतरी तिथं. तीन वर्षं. आणि मी इथं सात मिनिटांवर बसून लोकांना पाव वाढतोय."

आणि त्यांनी 'पोचलं' दाबलं.

ठिपका हलला. सहा. पाच. तीनवर सवयीनं आचाऱ्याचा हात वाडग्याकडे गेला. सूप वाफाळत टेबलावर आलं, शेजारी दोन चमचे. धुक्यात कसलाही उजेड दिसला नाही. फक्त दारापुढच्या खडीवरून चाकं वळल्याचा आवाज आला, मग काही नाही. दार आपलं आपण वीतभर उघडलं आणि ओल्या मातीचा, तापलेल्या इंजिनाचा वास आत आला. मालक टेबलाशी बसले. तीन वर्षांनी पहिला घोट त्यांनी घेतला, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत. त्यांचे ओठ हलत होते, पण ते काय बोलले ते भाचीला ऐकू आलं नाही. ऐकायचं नाही म्हणून तिनं पाठ फिरवली होती.

रांग मोकळी झाली. भाचीनं सुस्कारा टाकला आणि टॅब उचलला. पोचलेली गाडी नकाशावरून पुसली जाते, तसं तिनंच बनवलं होतं. हा ठिपका पुसला नव्हता. तो पार्किंगमध्ये उभा होता, आणि त्याखाली एक ओळ होती.

गाडी दारात आहे. सावकाश आवरा.

"ही ओळ मी लिहिलेली नाही," भाची पुटपुटली. "मामा, अशी ओळ यात कुठंच नाही..."

मालकांनी वाडगा पुसून घेतला. कितीतरी दिवसांनी ते पोटभर जेवलेल्या माणसासारखे दिसत होते.

सकाळी ॲप सुरू झालं आणि खानावळीत पाय ठेवायला जागा उरली नाही. घंटीवर घंटी, तव्यावर तवा. आचाऱ्याला शिंकायलाही फुरसत नव्हती. मालक मात्र गल्ल्यावर न बसता भाचीला एकेक गोष्ट समजावत होते: पाववाला कधी येतो, गॅस कुणाकडून घ्यायचा, कुठल्या नळाला किती जोर लावायचा. ती ऐकत होती आणि मध्येच त्यांची बाही घट्ट धरत होती.

दहाच्या सुमाराला एक गिऱ्हाईक हात धुऊन गल्ल्यापाशी आलं. साधा माणूस, फिरतीवर औषधं विकणारा.

"मालक, बाहेरच्या बाई तुमच्यापैकी का? दाराला लागूनच गाडी लावलीय त्यांनी. इंजिन चालू आहे."

भाचीनं काचेतून पाहिलं. दाराला लागून ओली खडी होती, बाकी काही नव्हतं.

"मी म्हटलं, आत बसा की. तर नुसत्या हसल्या," तो हात पुसत म्हणाला. "शेजारच्या सीटवरच्या पिशव्या उचलून मागं ठेवत होत्या."