उद्या मी आगगाडीने जातो

कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावरचा तो बोळ इतका लांब होता, की पहिल्या वर्षाला आत शिरलेला माणूस टोकाला पोचेस्तोवर पदवीधर होई. धाकटी त्या टोकाच्या खोलीत शिरली ती डबा खायला. एकटीनं खायला कोपरा हवा होता, एवढंच. पहिला घास तोंडात गेला, तोच पावसात भिजलेला एक उंच तरुण दारात उभा.

"रशियनचा वर्ग हाच का?"

घास घशात. तिनं नुसती मान हलवली... हो की नाही, तिलाही ठाऊक नव्हतं. तो शेजारी बसला. मागोमाग सर आले, त्यांनी दोन डोकी मोजली आणि पळून जातील या भीतीनं दार लावून घेतलं. दोन असले की वर्ग चालू राहत असे. अशी ती रशियन शिकायला लागली.

घरी दादा, वहिनी आणि त्यांची जुळी. सगळी एकदम बोलत. वाक्यं डोक्यावरून अशी ये-जा करत, की धाकटी खाली वाकून जेवे. तिच्याशी बोलायचं मात्र कुणाला सुचत नसे. इथं निदान रोज कुणीतरी विचारी,

"तुमचा भाऊ काय करतो?"

"माझा भाऊ अभियंता आहे."

दादाचं गाद्यांचं दुकान होतं. पण पुस्तकात सगळे अभियंते, नाहीतर डॉक्टर. गादीवाला औषधालाही नाही. तो तरुणही मामाच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करी आणि वर्गात एका डॉक्टर बहिणीचा वैमानिक भाऊ होई; तिलाही वर्गात बर्फ फार आवडे. वर्गात मराठी बंद, हा सरांचा नियम. आणि वर्ग सुटल्यावर मराठीत बोलायचं म्हटलं, की दोघांचीही दातखीळ बसे. मग काय, वर्षभर सगळं धड्यांतूनच.

"तुमच्याकडे पेन्सिल आहे का?" तो विचारी — पेन्सिल कानावर खोचलेली असताना.

"माझ्याकडे दोन पेन्सिली आहेत," ती म्हणे, आणि तिचे कान लाल. हसायचीही सोय नव्हती. रशियात उगाच हसत नाहीत, असं सरांनी सांगितल्यापासून दोघं चेहरे गंभीर ठेवून डोळ्यांनीच काय ते भागवत.

प्रवासाच्या धड्याला तो म्हणाला, "उद्या मी आगगाडीने जातो."

"तुमचा प्रवास सुखाचा होवो," ती तत्परतेनं म्हणाली.

"मी दूरच्या शहरात काम करणार आहे."

"फार छान. तिथे हवामान कसे आहे?"

तो तिच्याकडे बघत राहिला... "थंड आहे," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेजारची जागा रिकामी.

"तो आज निघतोय की," सर म्हणाले. "काल सांगितलं ना तुम्हाला?"

"ते वाक्य होतं, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. "गाडी संध्याकाळची आहे," ते हळूच म्हणाले. "अजून मामाच्या घड्याळांच्या दुकानात असेल."

धाकटी अशी सुटली, की तो बोळच धापा टाकत तिच्यामागून जिन्यापर्यंत आला.

दुकानात तो बॅगेचा पट्टा आवळत होता. मामानं दोघांकडे पाहिलं, एक चांगलं चालू घड्याळ उघडलं आणि त्यात डोकं खुपसलं.

"खरंच चाललात?"

"सांगितलं तर. तुम्ही हवामान विचारलंत."

"मला वाटलं, धडा..."

"धड्याबाहेरचं कुठं बोलता येतं मला तुमच्याशी?"

"मग आता बोला."

चारी भिंतींवरून घड्याळंच काय ती बोलत होती.

"मी वैमानिक नाही," तो शेवटी म्हणाला.

"दिसतंय. माझा दादा गाद्या विकतो."

"मला बहीणच नाही. डॉक्टर तर नाहीच नाही."

"मला बर्फ आवडत नाही."

"मलाही नाही. मला..." तो अडखळला. "मला तुम्ही आवडता."

मामाच्या हातून स्क्रू पडला. तो शोधायला मामा टेबलाखाली गेला आणि तिथंच राहिला.

"हे निघताना सांगतात का?" तिचे डोळे भरून आले. "आता वर्ग बंद होणार. मी कुणाशी बोलू?"

"थंडी सरली की येतो. दादांना भेटायला. तोवर त्यांना सांगून ठेवा."

"काय सांगू?"

"खरं ते."

तिनं त्याला स्टेशनवर पोचवलं. त्याला पुढच्याच स्टेशनावर उतरवून चालत परत आणायला ही गोष्ट सांगणाऱ्या मला काही कष्ट नव्हते; पण तो गेला. फलाट झाडणाऱ्या बाईनं तिच्या पायांभोवतीनं झाडून घेतलं, तरी ती हलली नाही.

घरी जेवणं चालली होती. दादा, वहिनी, जुळी, सगळ्यांचं एकदम बोलणं. मध्ये फट मिळेल म्हणून तिनं वाट पाहिली. मिळेना. मग त्या रहदारीत ती सरळ उभी राहिली.

"दादा, एक जण येणार आहे तुला भेटायला. माझ्यासाठी."

जुळ्यांचे घास हातात राहिले. वहिनीनं उठून पंखा बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

"बस," दादानं ताट बाजूला सारलं. "आणि पहिल्यापासून सांग."