निशांतचा आक्षेप

एम. ए. तत्त्वज्ञानाच्या पहिल्या तासाला दुसरीकडं जागा नव्हती, म्हणून निशांत माझ्याशेजारी बसला. सरांनी विचारलं, "ज्ञान म्हणजे काय?"

शेजारून खणखणीत आवाज आला, "ज्ञान म्हणजे काय? ज्ञान म्हणजे काय?"

सगळा वर्ग वळून बघू लागला. निशांतचे कान लाल. लहानपणापासून तो निपाणीकडच्या एका मठाच्या पाठशाळेत शिकलेला. तिथं गुरुजी एकदा म्हणत, मुलं दोनदा. सवय थेट कण्यात गेलेली.

"अजून एकदा म्हण, माझं पाठ होतंय," मी कुजबुजले.

त्यानं माझ्याकडं पाहिलं... आणि ज्ञान म्हणजे काय, ते मलाही सांगता आलं नसतं.

पुढं चर्चासत्र आलं. शुक्रवारी प्रत्येकानं सरांच्या निबंधावर आक्षेप घ्यायचा. न घेतला तर नापास. निशांतला ताप भरला. मोठ्यांना उलट बोलायचं, तेही मार्कांसाठी.

कँटीनमध्ये मी सराव घेतला. "मी खोटं बोलते, तू खोडून काढ. सांबऱ्याच्या विमानतळावरची विमानं आमच्या म्हशींना विचारून उडतात."

तो विचारात पडला. "असेलही. म्हशी तुमच्या आहेत."

"चहात मीठ घालतात."

त्यानं घातलं. प्यालाही.

गुरुवारी दुपारी त्याचा मेसेज आला — 'मठात परत जातो. तुमचे उपकार आहेत.'

मी रिक्षानं स्टँडवर पोचले तेव्हा निपाणीची बस घरघरत होती. पेटी आत, त्याचा एक पाय पायरीवर.

"पळतोस व्हय रं?"

"झोप लागत नाही, तेजस्वी. तोंड उघडलं की गुरुजी दिसतात. मला कुणाला नाही म्हणताच येत नाही."

'थांब' म्हटलं असतं तर तो थांबला असता — पण तो कंडक्टरनं सांगितलं तरी थांबला असता. असला होकार घेऊन मी काय करू?

"जा मग," मी म्हणाले. "तुझं हितं काय बी न्हाय."

कंडक्टरनं शिट्टी मारली. निशांत हलला नाही. ओठ मात्र हलत होते... आवाज येत नव्हता.

"मान्य नाही," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"तुझं म्हणणं. इथं माझं काहीच नाही, हे मला मान्य नाही."

तुमचं नव्हे, तुझं. मी ताठ राहिले. "नुसतं म्हणून चालत न्हाय. प्रमाण लागतंय."

"प्रत्यक्ष," माझ्याकडं बघत तो म्हणाला, आणि पायरीवरचा पाय खाली घेतला.

बस गेली.

"निशांत... तुझी पेटी."

"हो," तो म्हणाला. "माझे सगळे कपडे त्यात आहेत." आणि फार काळजीत असल्यासारखा त्यानं माझा हात धरला.