गुरुवारचं पान

खुर्ची एक आणि वाचणारे दोन, अशी त्या गुरुवारी गंमत झाली.

यशोधरा चष्म्याच्या दुकानातून सुटून धावतपळत प्रतिभाबाईंच्या खोलीत शिरली, तर खिडकीजवळच्या खुर्चीत एक उंच, सावळा मुलगा मांडीवर पुस्तक उघडून बसलेला. बाहेर श्रावणातली सर नुकतीच येऊन गेली होती. त्याच्या केसांतून पाणी गळत होतं, आणि ते पानावर पडू नये म्हणून तो मान मागे टाकून लांबूनच वाचायच्या तयारीत होता.

“ती जागा माझी आहे,” ती म्हणाली.

“नाव लिहिलंय का?”

“नाव नाही... पण बाईंनी वाचायला मला बोलावलंय.”

“मलाबी.”

दोघांनी बाईंकडे पाहिलं. बाई पलंगावर बसून निवांत शेंगा सोलत होत्या. “एकाला सांगितलं की तो येत नाही,” त्या म्हणाल्या. “दोघांना सांगितलं की एक तरी येतो. छत्तीस वर्षं शाळेत काढली बाबांनो. आज दोघंही आलात, हा माझा अंदाज चुकला.”

प्रतिभाबाई म्हणजे नारायणगावच्या त्या गल्लीतलं एकुलतं एक ख्रिस्ती घर. नवरा गेलेला, लेक परदेशात, आणि आता डोळ्यांचे पडदे खराब झालेले. पानाच्या कडा दिसायच्या, मधलं सगळं पुसलेलं. नव्या चष्म्याचा उपयोग होणार नाही, हे त्यांना दुकानात सांगितलं होतं यशोधरेनेच. सांगताना तिचेच डोळे भरले, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, “रडतेस काय? वाचून दाखव.” खुर्चीतल्या मुलाचं नाव अमृत. कळंबचा. बाईंचा जुना विद्यार्थी, आता ठिबक सिंचनाच्या नळ्यांच्या दुकानात कामाला, घरी टोमॅटोची शेती.

बाईंनी कायदा सांगून टाकला. दर गुरुवारी बायबलातलं एक छोटं पुस्तक, अगदी चार-सहा पानांचं. “मोठी नकोत. माझे डोळे गेले, आणि तुमच्या पिढीला धीर कधी नव्हताच.” पुस्तक एका बैठकीत मोठ्याने वाचायचं. मग दहा मिनिटं गप्प बसायचं. मग घरी जाऊन मनन करायचं, एक पान लिहायचं आणि पुढच्या गुरुवारी वाचून दाखवायचं. “आणि पानात ‘मी’ पाहिजे. ‘माणसाने असं वागावं’ असलं कुणी लिहून आणलं, तर फाडून टाकीन.”

यशोधरेने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, “बाई, आमच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेब. मी प्रार्थना म्हणणार नाही.”

“प्रार्थना माझी मी म्हणेन. मला तुझा आवाज पाहिजे.”

“आमच्याकडं खंडोबा,” अमृत म्हणाला.

“त्याला नमस्कार सांग माझा. आता वाचा, अर्धं तू, अर्धं ती.”

पहिलं पुस्तक योनाचं निघालं. देवाने एका गावी जायला सांगितलं, तर हा बाबा उलट्या दिशेची बोट धरून पळाला. पुढच्या गुरुवारी अमृतने पान वाचलं: ‘मीही पळालो असतो. पण बोटीने नाही, मला बोट लागते.’ बाई इतक्या हसल्या की ठसका लागला. गोष्टीच्या शेवटी योना देवावर रुसून बसतो, यशोधरेने त्या रुसव्यावर लिहिलं होतं, की मी रुसले तर दोन दिवस जेवत नाही.

जिना उतरताना त्याने विचारलं, “दोन दिवस? मग समजूत कोण काढतं?”

“काढणारा अजून भेटला नाही.”

“जाहिरात तरी द्यायची राव.”

“नको... भलतेच अर्ज येतात.”

तो हसला. ती हसली नाही, म्हणजे जिन्यात हसली नाही. घरी पोचेपर्यंत मात्र हसत होती, आणि एसटीतल्या बाईने तिला विचारलंसुद्धा, काय गं, पेपर सोपा गेला का?

रूथच्या पुस्तकात कापणी झाल्यावर शेतात राहिलेली कणसं वेचायला आलेल्या बाईची गोष्ट होती. अमृतने लिहिलं, शेवटचा तोडा झाला की आमच्या रानातही बाया राहिलेले टोमॅटो वेचायला येतात. वडील हाकलतात. मी एक भरलेला क्रेट बांधावर विसरल्यासारखा ठेवतो. ‘मला भांडता येत नाही, म्हणून मी विसरतो.’ हे ऐकताना यशोधरेने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याने मान वर केली, तेव्हा तिने घाईघाईने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, विजेचा खांब होता.

आणि मग आला ओबद्या. बायबलच्या जुन्या करारातलं सगळ्यात लहान पुस्तक, पुरतं दीड पानही नाही. भावाचं घर लुटलं जात होतं आणि दुसरा भाऊ लांब उभा राहून बघत होता, तर लुटणाऱ्यांइतकाच तोही दोषी, असा त्याचा रोकडा हिशोब. वाचून झाल्यावर दहा मिनिटं कुणी हाललं नाही.

पुढच्या गुरुवारी अमृतचा आवाज नेहमीसारखा नव्हता. ‘मी आठवीत होतो,’ त्याने वाचलं. ‘मामाच्या गावी जत्रेची पंगत होती. मी वाढायला होतो. माझ्याच वयाचा प्रबुद्ध नावाचा मुलगा पंगतीत बसला, तेव्हा एका म्हाताऱ्याने त्याला दंड धरून उठवलं. माझ्या हातात आमटीची बादली होती. मी उभा होतो. प्रबुद्धने माझ्याकडे पाहिलं. सकाळी आम्ही दोघं एकत्र विहिरीत पोहलो होतो. मी काही बोललो नाही. बादली जड झाली होती एवढंच आठवतं. यापुढे मी उभा राहून बघणार नाही.’

यशोधरेच्या आजीने, द्रौपदाने, असल्या पंगतींच्या कितीतरी गोष्टी तिला सांगितल्या होत्या. पण पंगतीच्या त्या बाजूने उभं राहून कुणी ‘मी’ म्हटलेलं तिने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर ती त्या पानाच्या प्रेमात पडली, आणि पान लिहिणारा त्याच्यासोबत फुकट मिळाला.

खाली मोटारसायकलीजवळ ती म्हणाली, “ते पान मला देतोस?”

“काय करणार?”

“ठेवणार.”

त्याने वहीतून पान काढलं, घडी घातली, तिच्या हातात ठेवलं... आणि हात सोडला नाही. भाजीवाल्याची गाडी, शाळेची पोरं, सगळी दुनिया शेजारून चालली होती.

“ओबद्याने जुळवलेली जगातली पहिलीच जोडी असंल आपली,” तो म्हणाला.

“जुळली म्हणून कुणी सांगितलं?”

“नाय जुळली?”

“...जुळली.”

पुढचे तीन महिने कसे गेले विचारू नका. गुरुवारसाठी बाकीचे सहा दिवस तिने ढकलले. चहाच्या टपरीवर एका कपातले दोन घोट त्याचे, दोन तिचे. आणे गावच्या पठारावर एकदा दोघं वाऱ्यात उभे होते, तेव्हा तिची ओढणी त्याच्या तोंडावर गेली आणि तो म्हणाला, “असू दे, दिसत नाय तेच बरंय, नायतर घरी जायला व्हायचं नाय.” ती वेडी झाली होती, दुसरा शब्द नाही.

घरी मात्र तिच्या लग्नाचं चाललं होतं. वडील, सोपानराव, एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले, शब्दाचे पक्के. पुण्याचं एक स्थळ बघायला येणार होतं. तिने एकदा पुढे ढकललं, दुसऱ्यांदा ढकललं. अमृतला ती म्हणाली, “मला लग्नाची घाई नाही. वर्षभर थांबेन. फक्त घरी एकदा सांग, की ही मुलगी आहे. मग मी माझ्या घरी सांगते.”

“सांगतो. नव्या घराची वास्तुशांती हाय ना, बाईंना घेऊन ये. तिथंच सांगतो, सगळ्यांसमोर.”

ती मोरपंखी साडी नेसून गेली. जीपमधून उतरून बाईंचा हात धरून मांडवाशी पोचली, तर दारातच अमृतची आई उभी. कुशाबाई, हसऱ्या तोंडाची, हळदीचे हात पदराला पुसत. “या बाई, या. आन् ही पोरगी कोन रं, अमृत?”

अमृत आईच्या बाजूलाच होता. यशोधरा थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं.

“ती... बाईंच्या सोबतीला आलीय,” तो म्हणाला. “बाईंना दिसत नाय ना.”

कुशाबाईंनी तिला आत नेलं, नाव-आडनाव विचारलं, क्षणभर थांबल्या, आणि “बस, पोटभर जेव,” म्हणून स्वतःच्या हाताने पुरणपोळीवर तूप वाढलं. कुणी तिला काही वावगं बोललं नाही. तिने मात्र पोळी नुसती चिवडली. अमृत मांडवभर फिरत होता, सगळ्यांना आग्रह करत होता, तिच्या वाटेला तेवढा येत नव्हता.

परतीच्या जीपमध्ये बाईंनी तिचा हात हातात घेतला. मग म्हणाल्या, “मला सोबत लागत नाही, यशोधरा. या रस्त्याने मी एकटी येऊ-जाऊ शकते. आज मीच तुझ्या सोबतीला आले होते.”

गुरुवारी अमृतने हात जोडले. “त्या गर्दीत कसं सांगणार? आई ऐकायची नाय गं. तिला बीपी हाय. रडंल, अन्नपाणी सोडंल. जरा दम धर. मी तिला हळूहळू तयार करतो.”

“खरं सांगतोस?”

“तुझी शप्पथ. रोज विषय काढायचा बघतोय. पण आई लई जुन्या वळणाची.”

आणि तिने दम धरला. शहाणी मुलगी, दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघून नंबर सांगणारी, पण प्रेमात माणसाचं कुत्रं होतं. पुण्याच्या पाहुण्यांना तिने तिसऱ्यांदा थांबवलं. सोपानराव म्हणाले, “पोरी, मी तोंड कुठं लपवू? काय आसंल ते सांग की.” ती डबा उचलून दुकानाला निघाली. बापाशी ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं वागत होती. दर गुरुवारी अमृत नवं पान वाचायचा, धीराबद्दल, सत्याबद्दल, एकाहून एक सुंदर. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. पण आपण उपाशी आहोत हे तिला कळत नव्हतं, इतका त्या भाताचा वास गोड होता.

असे दोन महिने गेल्यावर एका मंगळवारी दुकानात कुशाबाई आल्या, एकट्याच.

“सुईत दोरा जाईना झालाय गं. तूच ना ती, बाईंच्या संगती आलेली?”

“हो, मावशी. बसा.”

तिने तपासायची गोल फ्रेम त्यांच्या डोळ्यांवर चढवली, एकेक भिंग बदलत गेली. आजच सांगावं का आपणच? वाक्य तिच्या ओठांवर आलंसुद्धा, पण आधी कुशाबाईच बोलल्या.

“एक इचारू? राग नगं धरू. आमच्या अमृतच्या मनात तू हाईस, आसं मला वाटलं व्हतं. जेवताना सारखा तुझ्याकडं चोरून बघत व्हता. आईला कळतंय.”

भिंग तिच्या हातातच राहिलं.

“तुमचं घर कोंचं, ते आडनावावरनं समजलं व्हतं मला. खोटं कशाला बोलू, दोन दिस डोकं धरून बसले. मग म्हनलं, पोराचं सुख बघावं. त्याला म्हनलं, मनात आसंल तर सांग बाबा, तुझ्या बापाला मी बघून घेते.”

“मग?” यशोधरेचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. “मग काय म्हणाला?”

“म्हनला, ‘आई, तसलं काय न्हाई. आन् ती आपल्यात बसायची बी न्हाई.’ मग मी इषय सोडला. सुटल्यासारखं बी झालं, खरं सांगते. पर तू डोळ्यासमोर यायचीस मधनंमधनं. लई गुनाची वाटलीस.”

“कधी... कधी विचारलं होतं तुम्ही?”

“वास्तुशांतीला दोन दिस झाल्यावर. बुधवार व्हता, मला याद हाय.”

बुधवार. आणि दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, त्याने तिची शप्पथ घेतली होती.

यशोधरेने उरलेली तपासणी पूर्ण केली. नंबर लिहिला, फ्रेम निवडून दिली, कुशाबाईंना पायरी उतरून रस्त्यापर्यंत सोडलं. आत येऊन अमृतला फोन लावला.

“तुझ्या आईचा चष्मा शनिवारी तयार होईल.”

“आई... आली व्हती? काय म्हनली?”

“सगळं म्हणाल्या.”

“यशू, ऐक ना. मला भ्या वाटलं. एकदम इचारलं तिनं, तोंडातून निघून गेलं. मी आज सांगतो. आत्ता, घरी जाऊन सांगतो.”

“त्यांनी दार उघडून धरलं होतं, अमृत. तू आतून लावून घेतलंस, आणि दोन महिने मला सांगत राहिलास की आई उघडत नाही.”

“माझं खरंच प्रेम हाय तुझ्यावर.”

“माहीत आहे. माझंही आहे. आजही आहे, त्याचाच तर संताप येतोय.” “चष्मा न्यायला त्यांनाच पाठव. तू येऊ नकोस. दुकानात नको आणि गुरुवारीही नको.”

फोन ठेवला आणि धीर सरायच्या आत तिने घरचा नंबर लावला. सोपानरावांनी उचलला.

“बाबा, पुण्याच्या पाहुण्यांना नाही म्हणून कळवा. त्यांना उगाच ताटकळत ठेवू नका. माझं एका मुलावर प्रेम आहे, म्हणून मी तुम्हाला थांबवत होते. तुमच्याशी खोटं वागले.”

बाप हळूच म्हणाला, “मंग घिऊन ये की त्याला घरी. बघू तरी कोन हाय. मी काय खातोय व्हय?”

पाच महिने ती जे एका घरातून ऐकायला थांबली होती, ते दुसऱ्याच घरातून, न मागता आलं. दुकानात गिऱ्हाईक शिरत होतं. यशोधरेने त्याच्याकडे पाठ केली.

“नाही येणार तो, बाबा,” ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरलं नाही.